सहकाऱ्यांसाठी दस्तरखान : घरच्या मेजवानीचे शिष्टाचार

'मेजवानी' हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की, तो फारसीतून आला याची आठवणही कोणास राहिलेली नाही. फारसीत 'मेज़बान' म्हणजे यजमान आणि 'मेज़बानी' म्हणजे यजमानपण. मराठीने हा शब्द स्वीकारला, पण त्याचा रोख किंचित बदलला. आपल्या बोलण्यात मेजवानी म्हणजे पक्वान्नांची रेलचेल. मूळ शब्दात मात्र पक्वान्न नाही, तेथे माणूस आहे आणि त्याने पत्करलेली जबाबदारी आहे. या महिन्याचा पाठ त्या जबाबदारीविषयी आहे.

आपली मुले-मुली आज बँकांत, रुग्णालयांत, शाळांत, कारखान्यांत आणि संगणक कंपन्यांत काम करतात. दिवसाचे आठ-नऊ तास ज्यांच्यासोबत जातात ते सहकारी बहुधा अन्य धर्मांचे असतात. ते आपल्याला घरी बोलावतात. एखाद्या संध्याकाळी विशिष्ट कल्पना योजून, म्हणजे हल्लीच्या भाषेत 'थीम' ठरवून, हसत-खेळत जेवण घडवतात. मग एके दिवशी साहजिकच प्रश्न येतो, "आता तुमच्या घरी कधी?" जुम्याच्या नमाजनंतर तरुण याच विषयावर विचारणा करतात : असे बोलावणे योग्य आहे काय? काय शिजवावे? कोणी बाटली आणली तर? खेळ खेळावेत काय? कित्येकजण या प्रश्नांच्या ओझ्याने बोलावणेच टाळतात. परिणामी वर्षानुवर्षे शेजारच्या खुर्चीवर बसणारा माणूस मुस्लिम घराचा उंबरठा एकदाही ओलांडत नाही, आणि आपल्या घराविषयी तो जे ऐकतो ते इतरांच्याच तोंडून ऐकतो. म्हणून या प्रश्नांचा क्रमाने विचार करू.

पाहुण्याचा मान हा श्रद्धेचा भाग

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाहुण्याच्या सन्मानाचा संबंध थेट अल्लाहवरील आणि अंतिम दिनावरील श्रद्धेशी जोडला आहे (बुखारी, मुस्लिम). हजरत अबू शुरैह (रजि.) यांच्या कथनानुसार पाहुण्याचा विशेष सत्कार एक दिवस-रात्र, आतिथ्य तीन दिवस आणि त्यापुढे केलेले ते दान होय; आणि यजमान अडचणीत येईल इतका मुक्काम करणे पाहुण्यासही उचित नाही. म्हणजे इस्लामने हक्क दोन्ही बाजूंना दिले. आतिथ्य हा स्वभावाचा मोठेपणा नव्हे, ते देणे आहे. आणि देणे असल्यामुळेच त्याला मर्यादाही आहे.

अन्य धर्मीय सहकाऱ्याला हा मान द्यावा काय, या शंकेचे उत्तर कुरआनच्या सूरह अल-मुम्तहिनामध्ये (६०:८) आहे. ज्यांनी धर्माच्या कारणावरून तुमच्याशी युद्ध केले नाही आणि तुम्हाला घरांतून हुसकावले नाही, त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास अल्लाह मनाई करीत नाही, उलट न्यायी लोक त्याला प्रिय आहेत, असा त्या आयतीचा आशय आहे. हजरत अस्मा (रजि.) यांच्या मातोश्री अनेकेश्वरवादी असताना मुलीकडे आल्या, तेव्हा त्यांच्याशी नाते राखण्याचा आदेश प्रेषितांनी दिला (बुखारी). श्रद्धा न ठेवणाऱ्या एका पाहुण्यासाठी प्रेषितांनी एकामागून एक सात शेळ्यांचे दूध काढवून दिल्याचा प्रसंगही सहीह मुस्लिममध्ये आहे. त्याच्या भुकेपुढे त्याचा धर्म विचारला गेला नाही.

हजरत इब्राहीम (अ.) यांचे आतिथ्य

यजमानपणाचा सर्वांत सुंदर धडा सूरह अज़-ज़ारियातमध्ये (५१:२४-२७) आहे. अनोळखी पाहुणे आले, सलामाची देवाणघेवाण झाली, हजरत इब्राहीम (अ.) हळूच घरात गेले, धष्टपुष्ट वासरू घेऊन आले, ते पाहुण्यांच्या जवळ ठेवले आणि 'घेत नाही काय?' असे सौम्यपणे विचारले. सूरह हूदमध्ये (११:६९) ते वासरू भाजलेले असल्याचा आणि विलंब न लावता आणल्याचा उल्लेख आहे. इमाम इब्ने कसीर (रह.) यांनी या आयतींमध्ये आतिथ्याचे शिष्टाचार एकत्र आल्याचे म्हटले आहे. त्यांतील चार गोष्टी आपल्या आजच्या घरांना तंतोतंत लागू पडतात.

एक, ते हळूच गेले. 'तुमच्यासाठी केवढी धावपळ चालली आहे' हे त्यांनी पाहुण्यांना जाणवू दिले नाही. दोन, घरात जे उत्तम होते ते आणले; जे नव्हते ते उसने आणण्याचा उल्लेख नाही. तीन, अन्न पाहुण्यांपाशी नेले, पाहुण्यांना अन्नापाशी हाकारले नाही. चार, पाहुण्यांचे हात पुढे होईनात तेव्हा त्यांनी विचारले, बळजबरी केली नाही. आपल्या मराठी पंगतीत आग्रहाला फार मान आहे. नको म्हणणाऱ्याच्या ताटात आणखी एक वाढ टाकल्याशिवाय वाढणाऱ्याचे समाधान होत नाही. परंतु न खाणाऱ्याला त्याचे कारण असते. उपवास असेल, पथ्य असेल, धर्माचा नियम असेल. एकदा प्रेमाने विचारावे आणि मग त्याच्या 'नको'ला मान द्यावा.

ताट ही अमानत आहे

मिश्र समाजातील पाहुण्यांच्या बाबतीत सर्वांत गंभीर मुद्दा हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

पाहुणा आपल्या घरात येतो तेव्हा तो स्वतःचे स्वयंपाकघर मागे ठेवून येतो. वाडग्यात काय आहे हे त्याला दिसत नाही; तो आपल्या शब्दावर घास उचलतो. आपण हलाल-हरामची जितकी काळजी करतो तितकीच काळजी त्यालाही त्याच्या नियमांची असते. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून प्रेषितांनी आतील ओल बाहेर काढली आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले (मुस्लिम). वरून कोरडे आणि आतून ओले हा न्याय भांड्यालाही लागू आहे. शाकाहारी भातात मटणाचा रस्सा 'चवीपुरता' घालणे, एकाच तेलात आधी कबाब आणि मग भजी तळणे, एकच पळी दोन्ही भांड्यांत फिरवणे, आणि 'त्यांना कोठे कळणार आहे' असे म्हणणे ही थट्टा नव्हे, ही अमानतीतील खयानत आहे.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

• बोलावतानाच प्रत्येकास स्वतंत्रपणे विचारावे : काय चालते, काय चालत नाही. शाकाहारी म्हणजे सर्वांचा नियम एक नव्हे. काहींना अंडे चालते, काहींना नाही. जैन सहकारी कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य मानतात, अनेकजण वांगेही खात नाहीत आणि कित्येकजण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. अशांसाठी रात्रीच्या जेवणाऐवजी रविवारचे दुपारचे जेवण ठेवणे हाच खरा मान.

• दिवस निवडताना दिनदर्शिका पाहावी. अनेक हिंदू कुटुंबांत सोमवार, गुरुवार किंवा शनिवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण आणि नवरात्र या काळात मांसाहार वर्ज्य असतो किंवा उपवास असतो.

• शाकाहारी पदार्थ आधी शिजवावेत. त्यांची भांडी, तेल, पळ्या व वाढण्याची जागा वेगळी ठेवावी. प्रत्येक भांड्यासमोर मराठीत चिठ्ठी ठेवावी.

• कोणाला दाणे, तीळ, दूध यांचे वावडे आहे का तेही विचारावे. दख्खनी पाककृतींत दाणे व तीळ फार असतात.

प्रेषितांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत. आवडले तर खाल्ले, नाही तर बाजूस ठेवले (बुखारी, मुस्लिम). ही शिकवण पाहुण्याच्या अन्नाच्या नियमांविषयी बोलतानाही पाळावी. 'एवढे चांगले खाणे सोडून हे काय घास-पाला!' असा विनोद आपल्या दस्तरखानावर होऊ नये.

संध्याकाळसाठी एक कल्पना : शब्दांचे दस्तरखान

आता थीमकडे वळू. एखादी कल्पना ठरवून जेवण घडवण्यात मूलतः काही गैर नाही. तीन गोष्टी तपासाव्यात : त्यात निषिद्ध असे काही नाही ना, त्यात कोणाचा उपहास नाही ना, आणि त्यासाठी उधारी तर करावी लागत नाही ना. वेशभूषेची कल्पना असेल तर पुरुषाने स्त्रीचे किंवा स्त्रीने पुरुषाचे सोंग घेणे हदीसने निषिद्ध ठरवले आहे. एखाद्या जातीचे, प्रांताचे किंवा धर्माचे सोंग घेऊन हसणे सूरह अल-हुजुरातच्या (४९:११) आदेशाविरुद्ध आहे. तेथे एका समूहाने दुसऱ्या समूहाची थट्टा करण्यास स्पष्ट मनाई आहे.

मग आपल्या घराला शोभेल अशी कल्पना कोणती? एक सुचवतो. मराठी स्वयंपाकघरातील कित्येक शब्द अरबी-फारसीतून आले आहेत. प्रत्येक पदार्थासमोरच्या चिठ्ठीवर त्याच्या नावाची कहाणी लिहावी. 'सरबत' हा 'पिणे' या अर्थाच्या अरबी धातूपासून आला. 'हलवा' अरबीतील गोडव्याच्या शब्दातून आला. आपला 'मुरंबा' म्हणजे अरबी 'मुरब्बा'. 'बर्फी'मध्ये फारसी 'बर्फ' आहे, 'बिर्याणी'मध्ये भाजणे-परतणे या अर्थाचा फारसी शब्द आहे, आणि 'शिरखुर्मा' म्हणजे फारसीतील 'शीर' अर्थात दूध व 'खुर्मा' अर्थात खजूर. पनीर, बदाम, पिस्ता, मेवा हेही त्याच वाटेने आले.

वाट मात्र एकतर्फी नव्हती. अरबीतील 'नारजील' म्हणजे आपला नारळ. त्याचे मूळ संस्कृत 'नारिकेल' शब्दात आहे. आणि कुरआनच्या सूरह अल-इन्सानमध्ये (७६:१७) स्वर्गातील पेयाच्या वर्णनात 'ज़ंजबील' म्हणजे आले येते. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचा संबंध संस्कृत 'शृंगवेर'शी जोडतात. जेवण संपताना आल्याचा चहा देऊन ही शेवटची चिठ्ठी वाचून दाखवावी. भाषणावाचूनच पाहुण्यांच्या लक्षात येईल की, आपण एकमेकांच्या स्वयंपाकघरांत फार पूर्वीपासून ये-जा करीत आहोत.

ताटासाठी दख्खनी रसोई सोयीची आहे, कारण तिच्यातील अनेक उत्तम पदार्थ मुळातच शाकाहारी आहेत : बगारा भात, बगारे बैंगन, मिरची का सालन, खट्टी दाल, गोडात डबल का मीठा किंवा खुबानी का मीठा. मांसाहारी पाहुण्यांसाठी मराठवाड्यात नान-कलिया ठेवता येईल. मुहंमद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादेस हलवली, त्या काळाशी लोकपरंपरा या पदार्थाचा संबंध जोडते. कोकणी कुटुंबांनी तांदळाची भाकरी, सांदणे, आखणी आणि माशाचे सालन मांडावे. 'मुसलमानांकडे केवळ बिर्याणी' ही समजूत अशा ताटापुढे आपोआप विरते.

विनोद आणि खेळ

धार्मिक घर म्हणजे गंभीर चेहऱ्यांचे घर, असे मानण्याचे कारण नाही. एका माणसाने स्वारीसाठी जनावर मागितले तेव्हा प्रेषितांनी त्यास 'उंटिणीचे पिल्लू देतो' असे सांगितले. तो गोंधळला, तेव्हा प्रत्येक उंट उंटिणीचेच पिल्लू असतो, हे त्यांनी दाखवून दिले (अबू दाऊद, तिर्मिज़ी). विनोद होता, पण असत्य नव्हते आणि कोणाची अप्रतिष्ठाही नव्हती. लोकांना हसवण्यासाठी खोटे बोलणाऱ्याविषयी मात्र हदीसमध्ये कडक इशारा आहे.

या मापाने खेळ निवडावेत. शब्द ओळखणे, खुणांवरून म्हण ओळखणे, डोळे मिटून मसाल्यांचा वास ओळखणे यांत लहान मुले आणि वडीलधारी दोघेही रमतात. पैसे गोळा करून खेळलेला तंबोला किंवा पत्त्यांचा डाव मात्र जुगारात मोडतो, रक्कम कितीही लहान असो. सूरह अल-माइदाने (५:९०) दारू आणि जुगार यांना एकाच आयतीत निषिद्ध ठरवले आहे. कार्यालयातील गैरहजर व्यक्तीची नक्कल हा असल्या संध्याकाळींचा आवडता प्रकार असतो. तो गीबत आहे; यजमानाने हळूच विषय बदलावा.

दारू, नमाज आणि बसण्याची व्यवस्था

ज्या दस्तरखानावर दारू फिरते तेथे श्रद्धावंताने बसू नये, अशी शिकवण आहे (तिर्मिज़ी). मग ती आपल्याच घरात कशी चालेल? पण नकार देण्याचीही वेळ असते. बाटली घेऊन आलेल्या पाहुण्याला दारात अडवणे हा त्याचा अपमान आहे. निमंत्रणातच 'आमच्या घरी मद्य नसते, कोकम सरबत आणि सोलकढी भरपूर आहे' असे हसून लिहिणे हा शिष्टाचार आहे. आधी सांगितलेला नियम कोणाला टोचत नाही.

नमाजचेही तसेच. मगरिब उरकून पाहुण्यांना बोलवावे आणि इशाच्या वेळी 'दहा मिनिटांत येतो' असे साधेपणाने सांगून उठावे. लपवण्याची गरज नाही, दाखवण्याचीही नाही. अन्न मांडले गेले असेल तर आधी शांतपणे जेवून घेण्याची सवलत हदीसने दिलीच आहे. फक्त नमाजची वेळ टळू देऊ नये.

स्त्री-पुरुष सहकारी एकत्र येतात तेव्हा बैठक अशी आखावी की कोणालाही संकोच वाटू नये. दोन खोल्या असतील तर दोन दस्तरखान, एकच दिवाणखाना असेल तर दोन बाजूंना बैठक. पाहुण्यांना त्यांच्या कुटुंबासह बोलावणे सर्वांत उत्तम. एका फारसी शेजाऱ्याने प्रेषितांना जेवायला बोलावले, 'आणि या?' असे त्यांनी हजरत आइशा (रजि.) यांच्याविषयी विचारले आणि त्याने होकार देईपर्यंत निमंत्रण स्वीकारले नाही (मुस्लिम). निमंत्रण एकट्यास आहे की कुटुंबास, हे यजमानाने स्पष्ट सांगावे. कोणी ऐनवेळी आणखी एकास घेऊन आला तर हजरत अबू शुऐब (रजि.) यांचे स्मरण ठेवावे. त्यांनी पाच जणांचे जेवण केले होते, वाटेत सहावा सोबत आला. प्रेषितांनी यजमानाची परवानगी विचारली आणि त्यांनी ती आनंदाने दिली (बुखारी, मुस्लिम). दोघांचे अन्न तिघांना पुरते, ही शिकवण अशाच वेळेसाठी आहे.

घामाचा वाटा

आता घरातल्या पुरुषांसाठी एक गोष्ट. निमंत्रण द्यायचे नवऱ्याने, कौतुक घ्यायचे नवऱ्याने आणि दोन दिवस चुलीपुढे उभे राहायचे पत्नीने, हा मेजवानीचा न्याय नव्हे. हजरत इब्राहीम (अ.) अन्न स्वतः घेऊन आले, हे आयतीतच आहे. म्हणून तारीख ठरवण्यापूर्वी पत्नीला विचारावे, बाजार स्वतः करावा, वाढावे, आणि पाहुणे गेल्यावर भांडी घासण्यास बसावे. पदार्थ चारच ठेवावेत. हजरत उमर (रजि.) यांनी तकल्लुफला, म्हणजे ओढूनताणून केलेल्या देखाव्याला, मनाई असल्याचे सांगितले आहे (बुखारी). पगार संपत आला असताना क्रेडिट कार्डावर सजावट व केटरिंग घेऊन केलेली मेजवानी पाहुणा एका रात्रीत विसरतो. हप्ता मात्र घर फेडते. खाण्या-पिण्यास मोकळीक आहे, उधळपट्टीस नाही (७:३१).

गरिबांना वगळून श्रीमंतांनाच बोलावलेल्या वलीम्याचे अन्न हे सर्वांत वाईट अन्न, असे हदीस सांगते. तेव्हा विभागातील सर्वांना बोलावताना कार्यालयातील शिपाई, सफाई करणाऱ्या बाई आणि सुरक्षारक्षक यादीत आहेत काय, हे पाहावे. खाली गाडीत थांबलेल्या चालकासही वर बोलवावे. शेजाऱ्यांकडे एक वाडगा पाठवावा, रस्सा करताना पाणी थोडे वाढवून शेजाऱ्याची काळजी घेण्याचा उपदेश हजरत अबू ज़र (रजि.) यांना करण्यात आला होता (मुस्लिम). जेवण सुरू होण्यापूर्वी ज्याने शेजाऱ्याला वाटा दिला, त्याच्या घरातील हास्याचा आवाज भिंतीपलीकडे कोणाला खुपत नाही.

नियत

शेवटी मूळ प्रश्न : हे सारे कशासाठी? सूरह अल-इन्सानमध्ये (७६:८-९) अन्न देणाऱ्या पुण्यवंतांची ओळख अशी दिली आहे की, ते केवळ अल्लाहसाठी देतात. मोबदला मागत नाहीत आणि आभारही मागत नाहीत. या कसोटीवर दोन मोह तपासावेत. पहिला, साहेबांची मर्जी. ज्याच्या हाती आपली बढती आहे त्याला एकट्यालाच थाटात बोलावणे आतिथ्याच्या नावाखाली दुसरेच काही असू शकते. जकात गोळा करणाऱ्या एका अधिकाऱ्याने 'हे मला भेट मिळाले' असे म्हटले, तेव्हा तो घरी बसून राहिला असता तर ही भेट मिळाली असती काय, असा सवाल प्रेषितांनी केला (बुखारी). तोच सवाल आपण स्वतःस करावा : ही व्यक्ती उद्या दुसऱ्या विभागात गेली तरी मी तिला बोलावीन काय?

दुसरा मोह अधिक सूक्ष्म आहे. पाहुणा जेवायला बसला की त्याला धर्मोपदेश ऐकवण्याची संधी साधणे. त्याने विचारले तर आदराने व थोडक्यात सांगावे. नाही विचारले तर आपले दस्तरखान पुरेसे बोलते : वेगळी ठेवलेली पळी, सोबत बसून जेवणारा शिपाई, वाढणारा नवरा, आणि वेळ होताच शांतपणे नमाजला उठणारे घर.

पाहुण्यांसाठीही कुरआनचा एक धडा आहे आणि तो यजमानालाच आधी उपयोगी पडतो, कारण उद्या तोही कोणाचा पाहुणा असेल. सूरह अल-अहज़ाबमध्ये (३३:५३) प्रेषितांच्या घरी जेवायला येणाऱ्यांना सांगितले आहे की, बोलावल्यावर यावे, अन्न शिजण्याची वाट पाहत आधीच येऊन बसू नये, आणि जेवण झाल्यावर गप्पांत रेंगाळू नये; प्रेषितांना त्याचा त्रास होई, पण ते संकोचाने बोलत नसत.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या कार्यालयातील असा कोणता सहकारी आहे जो आपल्या घरी कधीच आला नाही? का?
२. आपल्या स्वयंपाकघरात शाकाहारी पाहुण्यासाठी वेगळी भांडी ठेवण्याची सोय कशी करता येईल?
३. पुढच्या मेजवानीत घरातील प्रत्येक पुरुष आणि मुलगा कोणते काम करील?
४. आपल्या बोलीतील खाद्यपदार्थांची दहा नावे लिहा आणि त्यांचे मूळ शोधा.

अल्लाह आपल्या घरांचे दरवाजे रुंद करो, आपल्या दस्तरखानांत बरकत देवो आणि आपल्या हातून कोणत्याही पाहुण्याच्या विश्वासाला तडा जाऊ न देवो. आमीन.